जडसाठी केनेडी: कार्लटनने किंमत जास्त मोजली का?

ब्लूजभक्त, मेलबर्न

ऑक्टोबरात एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, ट्रेडचा (क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा) हंगाम सुरू झाला की कुणीतरी म्हणतंच, "मिडफिल्डरसाठी एवढं देऊ नका, जडचं काय झालं आठवतंय ना?" २०२५ मध्ये क्रिस्टियन पेट्राका हा मिडफिल्डर (मैदानाच्या मध्यावर खेळणारा) मेलबर्न क्लब सोडून गोल्ड कोस्टला गेला तेव्हाही हेच ऐकलं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००७ चा हंगाम संपल्यावर वेस्ट कोस्ट ईगल्सचा कर्णधार ख्रिस जड याने आपल्या गावी, मेलबर्नला परतायचं ठरवलं. वय २४. नावावर २००४ चं ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं), २००५ ची ग्रँड फायनल (अंतिम सामना) चार गुणांनी हरूनही मिळालेलं नॉर्म स्मिथ पदक (त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) आणि २००६ ची प्रीमियरशिप (विजेतेपद), तीही कर्णधार म्हणून. त्याने आमचं कार्लटन (ब्लूज) निवडलं. आम्ही ईगल्सना २० वर्षांचा फॉरवर्ड (गोलसमोर खेळणारा) जोश केनेडी, ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) तिसरा आणि विसावा पिक (निवडीचा क्रम) दिला. आम्हाला जड आणि ४६ वा पिक मिळाला.

त्या वेळी आमची अवस्था काय होती? २००२, २००५ आणि २००६ ला तळाला. २००७ ला चार विजय. जड आल्यावर पहिल्या वर्षी दहा विजय, दुसऱ्या वर्षी तेरा आणि फायनल्स (हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने). २००८ ते २०१० सलग तीन वर्षं क्लबचा सर्वोत्तम खेळाडू तोच, २०१० ला दुसरं ब्राउनलो. मेलेला क्लब त्याने उभा केला. याची किंमत गोलांत मोजता येत नाही.

पर्थची_लेक

दादा, गोलांतच मोजते, कारण सामना गोलांवरच जिंकतात.

केनेडीने कारकिर्दीत ७२३ गोल केले. त्यातले ७१२ आमच्या ईगल्ससाठी. २०१५ आणि २०१६, दोन कोलमन पदकं (हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारं). २०१८ च्या ग्रँड फायनलमध्ये कॉलिंगवूडला आम्ही पाच गुणांनी हरवलं, त्यात त्याचे तीन गोल. तुमच्या तिसऱ्या पिकावर आम्ही घेतलेला ख्रिस मास्टनही त्या संघात होता. म्हणजे एका ट्रेडमधून प्रीमियरशिपचे दोन मानकरी आले. कार्लटनची शेवटची प्रीमियरशिप १९९५ ची.

आणि हो, त्याचा नेम धरायचा प्रकार ज्याने मैदानात बसून पाहिलाय त्याला विसरता येणार नाही. मार्क घेतला (लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला) की मागे जायचा, चेंडू हातात फिरवायचा आणि मग धाव सुरू करताना मध्येच अडखळल्यासारखी छोटी छोटी पावलं टाकायचा. दर वेळी वाटायचं, हा आता चुकणार. चेंडू खांबांच्या मधून जायचा. माझ्या बाबांना ते बघवायचं नाही, ते मान फिरवून लोकांच्या आवाजावरून ओळखायचे.

ब्लूजभक्त

ताई, २०१८ सांगितलंत, मग २०१० पण सांगा. त्या वर्षी ईगल्स तळाला होते, चार विजय. २००८ लाही चारच. ट्रेडचं फळ खायला तुम्हाला अकरा वर्षं लागली. तोवर जड निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. इतका वेळ थांबायची ताकद २००७ च्या कार्लटनकडे नव्हती.

नवखा_पुणे

मी भाच्यामुळे हा खेळ बघायला लागलो, तो मेलबर्नला असतो. एक शंका आहे. मिडफिल्डर दिवसभर चेंडूजवळ असतो, समालोचक त्याचंच नाव घेतात, पदकंही त्यालाच. मग फॉरवर्ड महाग का?

ब्लूजभक्त

चांगला प्रश्न. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर अंपायर मधोमध चेंडू वर उडवतो (२०२५ पर्यंत आपटायचा), दोन उंच रकमन हवेत भिडतात आणि मुठीने तो खाली ढकलतात. तिथून चेंडू बाहेर कोण काढतो, यावर पुढचा हल्ला कुणाचा ते ठरतं. जडचं वैशिष्ट्य इथेच होतं. बाकीचे मिडफिल्डर चेंडू जमिनीवर आल्यावर वाकायचे. जड चार पावलं लांब उभा राहायचा आणि रकमनचा हात लागायच्या आधीच पळायला लागायचा. चेंडू हातात यायचा तेव्हा त्याचा वेग पूर्ण असायचा. समोरचा त्याच्या जर्सीला हात घालेपर्यंत हा दहा मीटर पुढे. असा माणूस बाजारात रोज मिळत नाही.

पर्थची_लेक

यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. सुबियाकोला, आमच्या पर्थमधल्या मैदानावर, आम्ही सहा वर्षं हेच बघत होतो. पण नवखा, उत्तर अर्धंच मिळालंय तुम्हाला. चेंडू बाहेर काढला, गोलपासून पन्नास मीटरच्या आत मारला, मग तिथे तो झेलणार कोण? दोन मीटरच्या आसपास उंची, अंगावर बचावपटू लटकलेला आणि तरीही मार्क घेणारी माणसं फार कमी जन्माला येतात, आणि ती तयार व्हायला पाच-सहा वर्षं जातात. मिडफिल्डर तुलनेने लवकर तयार होतो. पदकांचं म्हणाल तर ब्राउनलोची मतं अंपायर देतात, आणि अंपायर चेंडूजवळच उभे असतात. गोलसमोर खेळणाऱ्या फुल-फॉरवर्डला ते शेवटचं मिळालं १९८७ ला, टोनी लॉकेटला, तेही जॉन प्लॅटनबरोबर वाटून.

टॅगरप्रेमी, सिडनी

मिडफिल्डरला एक माणूस चिकटवला की आटोपलं, हा मुद्दा राहिलाच. २०१८ चंच घ्या. कॉलिंगवूडच्या स्टील साइडबॉटमने प्रिलिमिनरी फायनलमध्ये (उपांत्य सामन्यात) रिचमंडची वाताहत केली होती. ग्रँड फायनलला ईगल्सनी मार्क हचिंग्ज त्याच्या मागे लावला. तो कुठे जाईल तिथे हा, खांद्याला खांदा लावून. साइडबॉटम दिसेनासा झाला. एका साध्या, मेहनती खेळाडूने स्टारची किंमत एका दुपारपुरती शून्यावर आणली.

त्याच वर्षी टॉम मिचेलने एका सामन्यात ५४ वेळा चेंडू हाताळून विक्रम केला, ब्राउनलोही जिंकलं. हॉथॉर्न फायनल्समधले दोन्ही सामने हरून घरी. आकडे भरणं वेगळं आणि सामना फिरवणं वेगळं.

जिलाँगकर

टॅगरप्रेमी, मग डस्टिन मार्टिनला कुणी का नाही आवरलं? २०१७, २०१९, २०२०, तीन ग्रँड फायनल्स, तिन्हींत नॉर्म स्मिथ. २०२० ला आमच्याच छातीवर चार गोल ठोकले. मी आमचा पराभव पाहत होतो आणि तरी त्याच्याकडून नजर हलत नव्हती. २०२१ ला पेट्राकाने ग्रँड फायनलमध्ये ३९ वेळा चेंडू घेतला, दोन गोल केले, आणि मेलबर्नला १९६४ नंतरची पहिली प्रीमियरशिप मिळाली. स्वतः गोल करणारा मिडफिल्डर असेल तर मी दोन पहिल्या फेरीचे पिक हसत देईन.

आमचं उदाहरण तर आहेच. २०१५ ला ॲडलेडकडून पॅट्रिक डेंजरफिल्ड आला. आम्ही नववा पिक, अठ्ठाविसावा पिक आणि डीन गोर हा तरुण खेळाडू दिला. पहिल्याच वर्षी ब्राउनलो, २०२२ ला सिडनीला ८१ गुणांनी लोळवून प्रीमियरशिप. यापेक्षा चांगला सौदा दाखवा.

टॅगरप्रेमी, सिडनी

दाखवतो. डेंजरफिल्ड गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, २०१७ ला, ॲडलेड ग्रँड फायनलमध्ये होतं. त्याच्याशिवाय. हरले, पण पोहोचले.

आणि गॅरी ॲब्लेट ज्युनियर? जिलाँगहून गोल्ड कोस्टला गेला तेव्हा तो देशातला सर्वोत्तम खेळाडू होता. २०१३ ला तिथे राहून दुसरं ब्राउनलो मिळवलं. सात हंगामांत फायनल्सचा एक सामना नाही. गोल्ड कोस्टला पहिली फायनल्स २०२५ ला मिळाली, तेव्हा तो निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. एकटा मिडफिल्डर क्लबला कुठपर्यंत नेतो याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही.

ब्लूजभक्त

ॲब्लेट नव्याकोऱ्या क्लबमध्ये पोरांबरोबर खेळत होता. जड आणि ॲब्लेट यांना एका तागडीत घालू नका. जड आम्हाला २००९, २०१०, २०११ अशी सलग तीन वर्षं फायनल्समध्ये घेऊन गेला.

पर्थची_लेक

बरं, त्या तीन वर्षांचंच बोलू. तुम्ही बाहेर कसे पडलात ते मांडते.

२००९: ब्रिस्बेनकडून सात गुणांनी हार.
२०१०: सिडनीकडून पाच गुणांनी.
२०११: आमच्याकडून, सुबियाकोवर, तीन गुणांनी.

गोलला सहा गुण असतात. २०१० आणि २०११ ला तुम्हाला फक्त एक गोल कमी पडला, प्रत्येकी एक. त्यातलं २०१० तर जडच्या ब्राउनलोचं वर्ष. चेंडू बाहेर येत होता, जड काढत होता. पुढे झेलायला माणूस नव्हता. तो माणूस पर्थमध्ये होता, कारण तुम्हीच तो पाठवला होता. २०११ ला त्याने आमच्यासाठी जवळपास साठ गोल केले.

दादा, मला जडबद्दल राग नाही. तो गेला तेव्हा आमच्या घरी सुतक होतं. पण त्या पाच आणि तीन गुणांचं उत्तर मला कुठल्याच कार्लटनवाल्याने आजवर दिलेलं नाही.

ब्लूजभक्त

मी देतो.

२००९ ला आमच्याकडे ब्रेंडन फेवोला होता. त्या वर्षीचं कोलमन पदक त्याचंच. ब्रिस्बेनविरुद्धचा सामना संपला, हंगाम संपला आणि काही आठवड्यांत क्लबने फेवोलाला त्याच ब्रिस्बेनला देऊन टाकलं. कारणं मैदानाबाहेरची होती, त्यात मी शिरत नाही. पण देशातला सर्वाधिक गोल करणारा फॉरवर्ड आम्ही स्वतःहून सोडला आणि त्याच्या जागी तसा कुणी आणला नाही. २०१० चे पाच आणि २०११ चे तीन गुण तिथे गेले. त्याचं पाप २००७ च्या ट्रेडच्या माथी का मारायचं? जड आणण्याचा निर्णय एक, फॉरवर्ड लाइन ओसाड ठेवण्याचा निर्णय दुसरा. दुसऱ्याने पहिल्याला खाल्लं.

आणि २००७ ला आमच्याकडे पहिला पिकही होता. त्यावर आम्ही मॅथ्यू क्रॉइझर घेतला. गुणी रकमन, पण दुखापतींनी पिचून गेला. माझं म्हणणं एवढंच, की पहिला आणि तिसरा पिक द्यायचे आणि केनेडी ठेवायचा. जड मध्ये, केनेडी आणि फेवोला पुढे. त्या संघाला पाच गुणांनी कुणी हरवलं असतं?

जिलाँगकर

हे बरोबर वाटतंय. स्टार मिडफिल्डर घ्यावाच, पण फॉरवर्ड देऊन नाही. पिक द्या.

पर्थची_लेक

जिलाँगकर, पिक देऊन जड मिळाला असता असं तुम्ही दोघे गृहीत धरताय. केनेडी नॉर्थहॅम्प्टनचा. जेराल्डटनच्या वर, गव्हाच्या शेतांमधलं छोटं गाव. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा पोरगा, घराजवळ वर्षानुवर्षं टिकणारा. आपला कर्णधार गमावणारा क्लब असाच खेळाडू मागणार. केनेडीशिवाय आम्ही सही केली असती असं मला वाटत नाही, आणि करूही नये.

गंमत नाही, पण त्याच नॉर्थहॅम्प्टनमधून तुम्हाला पॅट्रिक क्रिप्स मिळाला, २०१३ ला तेराव्या पिकावर. २०२२ चं ब्राउनलो, २०२४ चं ब्राउनलो, तेही विक्रमी ४५ मतांनी. पुन्हा मिडफिल्डर. पुन्हा पदकं. त्याच्या पुढे खेळणारा चार्ली कर्नो, दोन कोलमनवाला, २०२५ ला तुम्ही सिडनीला दिलात. आता सांगा, चूक एकदाच झाली का?

ब्लूजभक्त

कर्नोचं दुखतंय, ते मान्य. तो ट्रेड मला पटलेला नाही आणि त्यावर वेगळा धागा काढणार आहे. पण त्यात क्रिप्सचा दोष काय? तो दर आठवड्याला अंगावर तीन माणसं घेऊन चेंडू बाहेर काढतोच आहे. तुम्ही पुन्हा तेच करताय, ताई. पुढे कुणी नसेल तर बिल मिडफिल्डरच्या नावावर.

पर्थची_लेक

बिल त्याच्या नावावर नाही. मी एवढंच म्हणते, की दोन्हींपैकी एकच ठेवता येत असेल तर पुढचा ठेवा. २००७ ला तुम्हाला एकच ठेवता येत होता.

ब्लूजभक्त

आणि मी तरीही जडच ठेवला असता. चार विजयांच्या त्या हंगामात घरच्या मैदानावर बसून सामने पाहिलेत मी. पन्नास मीटरच्या आत चेंडू पोहोचतच नव्हता, केनेडीने झेलला काय असता?