मदत हवी आहे: काळ्या गाडीसाठी पॉलिशर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. राहायला सिंहगड रोडला. बाबांची २०१४ ची काळी स्विफ्ट आता माझ्याकडे आली आहे. सोसायटीत गाड्या पुसणारा एकाच कोरड्या फडक्याने दहा गाड्या पुसायचा, धूळ तशीच घासली जायची. आता उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, जीव तुटतो. नख फिरवलं तर अडकत नाही, म्हणजे वरच्या क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) असावेत.

रोटरीने (पॅड फक्त गोल फिरवणाऱ्या पॉलिशरने) एकाच जागी उष्णता साठते आणि कडांवरचा रंग जळू शकतो, म्हणून ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड फिरवताना डोलवणारं मशीन) घ्यायचं जवळपास ठरलंय. पण ८ मिमी थ्रो (पॅड डोलण्याचा घेर) बरा की १५ मिमी? स्विफ्टच्या बंपरला वळणं फार, तिथे मोठा थ्रो अडखळतो का? नाना पेठेत ५ इंची फोम पॅड बघून आलोय, हँडलच्या खाचेत तो जाणार नाही असं वाटतं.

आणि मुख्य काळजी: डावा मागचा दरवाजा एकदा रंगवलेला आहे. तिथे मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने फूटभर जागेवर आधी करून बघू, की थिकनेस गेजने (रंगाच्या थराची जाडी दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजल्याशिवाय हातच लावू नये? गेज पुण्यात कुठे भाड्याने मिळतं का?