खासगी शाळेची गाडी फाट्यावर येते, अंगणवाडीत मुलं कशी टिकवायची?

डोंगरवाडीची सेविका

ताई-दादांनो, नमस्कार. मी अकोले तालुक्यात डोंगराकडच्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. रुजू होऊन सव्वा वर्ष झालं. पटावर ३ ते ६ वयाची २१ मुलं आहेत. उन्हाळ्यापर्यंत रोज १६-१७ यायची. जूनपासून खालच्या बाजारगावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फाट्यापर्यंत यायला लागली आणि सात घरांनी पोरं तिकडं घातली. आता कधी नऊ असतात, कधी आठ. मदतनीस मावशी खिचडी शिजवताना रोज विचारतात, आज किती मूठ टाकू?

गेल्या आठवड्यात गृहभेटीला गेले होते. एका घरी आई म्हणाली, "ताई, तुमच्याकडं काय, खिचडी खायची न् गाणी म्हणायची. तिकडं पोरगं एबीसीडी लिहायला लागलं." पोरगं चार वर्षांचं आहे. तिनं वही आणून दाखवली. पानभर ए काढलेला, शेवटच्या ओळीतले ए खाली घसरत गेलेले. मला काही बोलता आलं नाही. तिचं चुकतंय असं म्हणवत नाही मला. ती सातवीला शाळा सुटलेली बाई आहे. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की नवरा-बायको नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभे राहतात, मिळेल ते काम घेतात, पोरगं आजीपाशी राहतं. तिला पोराचं भलं व्हायला हवंय, आणि वहीतला ए तिच्या डोळ्याला दिसतो. माझ्याकडं पोरगं काय शिकतं ते तिला दिसत नाही.

मी काही नुसती बसवून ठेवत नाही हो मुलांना. आल्यावर गोल करतो, कोण आलं कोण नाही ते मुलंच सांगतात. मग गोष्ट, मातीकाम, ठोकळे, बाहेरचा खेळ. 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण झालंय माझं. पण वजनं, लसीकरणाचा दिवस, टीएचआरचं (घरी न्यायच्या शिध्याचं) वाटप, त्यासाठी चेहरा पडताळणी, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी, सगळं माझ्याच अंगावर. रेंजसाठी देवळामागच्या खडकावर जावं लागतं. तेवढा वेळ मुलं मावशींकडं असतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पालकांसाठी मी पण एबीसीडी लिहून घ्यायला सुरुवात करू का? आणि पालकसभेला चार बाया येतात, त्याही हजेरीवर सही करून निघून जातात. लोकांना अंगणवाडी आपली वाटावी म्हणून कुणी काही केलं असेल तर सांगा.

नाशिकचा एक बाबा

ताई, मी सेविका नाही, पालक आहे. आमच्या मुलीला तीन वर्षांची असताना नर्सरीत घातलं होतं. रोज एक पान गृहपाठ. तिचा हात धरून आम्हीच लिहायचो, ती रडायची. वर्षभरानं पेन्सिल दिसली की पळायला लागली तेव्हा काढली तिथून. आता घराजवळच्या बालवाडीत जाते, सुखात आहे.

पण त्या वेळी आम्ही ते का खपवून घेतलं, हे सांगतो. संध्याकाळी वही उघडली की पैसे कुठं गेले ते कळायचं. तुमच्या पालकांनाही काहीतरी बघायला मिळालं पाहिजे. वहीच हवी असं नाही, पण डोळ्यांना दिसेल असं.

कोसबादला शिकलेली

बाळ, तुझं वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मी डहाणू तालुक्यातली, आता निवृत्त. प्रशिक्षण कोसबादच्या टेकडीवर झालं, १९८३ साली. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या अनुताई वाघ तेव्हा होत्या. आवाज चढवलेला कधी ऐकला नाही, पण झाडलोट नीट झाली नसेल तर स्वतः केरसुणी घ्यायच्या.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. लिहून घेऊ नकोस. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयारही झालेली नसतात. घसरत गेलेले ए तू पाहिलेस ना, तो दमलेला हात आहे. त्या हाताला माती मळू दे, दोरीत मणी ओवू दे, तांदळातले खडे वेचू दे, जमिनीवर खडूनं हात फिरेल तसं काढू दे. पेन्सिल आपोआप धरली जाईल.

आता दुसरं. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांचीही हीच अडचण होती. गाडी नव्हती तेव्हा, पण मुलं येत नव्हती. ताराबाई गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, मुलांनी साधनं हाताळत शिकायचं हे माँटेसोरीबाईंचं शास्त्र त्यांना पाठ होतं. पण वारली पाड्यावरची सहा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली, आठ वर्षांचा पोरगा गुरांमागं. शाळेत येणार कोण? मग बाईच पाड्यावर गेल्या. कुणाच्या तरी अंगणात झाडून, सारवून तिथंच बालवाडी भरवली. अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा, तिला कुरणशाळा म्हणायचे. महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि पाड्यावर परकीही वाटली असती. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. १९५७ ला काम कोसबादला आलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात होती, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी थोरली पोरही शिकू शकायची. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हे अंगणवाडी नाव देशभर गेलं.

इतकं लांबण लावलं ते एवढ्यासाठी की अंगण लोकांचं होतं. बाई तिथं पाहुणी होती. पुढं आपल्याला इमारत मिळाली, दाराला कुलूप आलं, भिंतीवर तक्ते आले आणि लोक पाहुणे झाले. सभेला ते पाहुण्यासारखे येतात, सही करतात, जातात.

म्हणून सभेला बोलावू नकोस, कामाला बोलाव. माझ्या पाड्यावर एक आजी होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला म्हटलं, आजी, बियाणं निवडायचंय, पोरांबरोबर बसाल का? ती बसली. वाल, तूर, उडीद एकत्र होतं, बोटांनीच निवडायची ती. मुलं तिच्याभोवती. कुणी रंगावरून निवडतंय, कुणी आकारावरून, एकानं वालाचे लहान-मोठे असे दोन ढीग केले. त्याची आई लाकडाची मोळी घेऊन चालली होती, ती मोळीसकट दारात थांबली. मी तिला काहीही समजावलं नाही, नुसतं विचारलं, तुमच्या लेकानं दोन ढीग का केले, विचारा बरं त्याला. त्यानं सांगितलं. ते ऐकून ती मोळी खाली ठेवून बसली.

पालकांपुढं शिक्षणावर बोलू नकोस. त्यांना मुलाशेजारी बसव. आणि ज्याला जे येतं ते त्याच्याकडून करून घे. कुणाला टोपली विणता येते, कुणाला पाखरांचे आवाज काढता येतात. काहीच येत नाही असं माणूस पाड्यावर मला तरी भेटलं नाही.

पहिलीचे गुरुजी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो, शेजारच्या तालुक्यात. सतरा वर्षं झाली. माझ्याकडं दोन्हीकडून मुलं येतात, म्हणून सांगतो. काही मुलं एक ते शंभर धडाधड म्हणतात, पण पाच खडे आण म्हटलं की ओंजळ भरून आणतात. ज्यांनी खडे, बिया, चिंचोके हाताळलेत ती चार-सहा महिन्यांत पुढं निघतात. गोष्ट ऐकून "मग काय झालं?" विचारणारं पोर मला आवडतं. ते वाचायला शिकणारच.

एक करून बघा. प्रत्येक मुलाच्या नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड करा, देवनागरीत मोठ्या अक्षरात, शेजारी त्याला आवडेल ते चित्र. सकाळी आल्यावर मुलानं आपलं कार्ड शोधून दोरीला लावायचं. हीच हजेरी. सुरुवातीला चित्र बघून शोधतील, दोन-तीन महिन्यांनी चित्र झाकलं तरी सापडेल. आईला एकदा सकाळी दारात उभी करा. आपलं पोर आपलं नाव ओळखतंय, हे तिला दिसेल. नाशिकच्या दादांनी म्हटलं ना, डोळ्यांना दिसेल असं, ते हे.

आणि तुमच्या जवळच्या शाळेतल्या पहिलीच्या शिक्षकांना बोलवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे तुमची तीन वर्षं आणि आमची पहिली-दुसरी मिळून पाच. आम्ही अंगणवाडीत येऊन बसायला हवं, बसत नाही. ही आमची उणीव आहे.

डोंगरवाडीची सेविका

गुरुजी, कार्डं आजच करायला घेते, टीएचआरच्या खोक्यांचे पुठ्ठे पडलेत. मावशी (कोसबादच्या), तुम्हाला एक विचारू का? आमच्याकडं निम्मी मुलं घरी ठाकरी बोलतात. माझं बोलणं त्यांना आधी कळतच नाही, नुसती बघत राहतात. त्यातच आयांना इंग्रजी हवंय. मी कोणती भाषा धरू?

कोसबादला शिकलेली

मुलाची. पहिले सहा महिने तू त्याची भाषा शिक. माझ्याकडं वारली मुलांच्या शब्दांची वही होती. शब्द मुलं सांगायची, मी लिहायची. आपण सांगतोय ते बाई लिहून घेतायत, याचा त्यांना फार अभिमान. जे मूल तोंड उघडत नव्हतं ते मला शब्द विचारायला लावायचं. "असं नाही, असं म्हण" हे मात्र म्हणू नकोस. एकदा म्हटलंस की ते मूल महिनाभर गप्प बसेल.

इंग्रजीचं भांडण करू नकोस. दोन इंग्रजी गाणी घे, हातवारे करून, मुलांना मजा येते. पण आयांना खरं तेच सांग. गाण्यानं इंग्रजी येणार नाही, आपल्या भाषेत बोलायला, विचारायला लागलेलं मूल पुढं कुठलीही भाषा पटकन उचलतं. पटेल त्यांना, पटणार नाही त्यांना. सगळी सात घरं परत येतील अशी आशा धरून काम करू नकोस, तुझ्यासमोर बसलेली नऊ आहेत.

डोंगरवाडीची सेविका

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

कार्डांची दोरी बांधली. एकीनं मोर मागितला, एकाला जेसीबी हवा होता, तो मला नीट जमला नाही, तर त्यानं स्वतः खडूनं दात काढून दिले त्याला. पाच मुलं आता चित्राकडं न बघता कार्ड उचलतात.

परवा ओढ्याला पाणी आलं आणि पिवळी गाडी फाट्यापर्यंत आलीच नाही. ज्या आईनं मला वही दाखवली होती तिची सासू नातवाला घेऊन अंगणवाडीत आली. मी आधीच वाडीत सांगून ठेवलं होतं की बियाणं निवडायला कुणी येता का. आजीनं पदराच्या गाठीत हुलगे आणि वाल आणले होते, घरातलं सूपही. बारदानावर बसल्या, भोवती अकरा मुलं. त्या मुलानं आधी हुलगे एकीकडं, वाल एकीकडं असे दोन ढीग केले. मग थांबला. एक एक बी उचलून जवळ धरून बघायला लागला आणि तिसरा ढीग करायला लागला. त्यात हुलगेही होते, वालही होते. मला वाटलं चुकला. मी बोलणार होते, पण कोसबादच्या मावशींचं आठवलं आणि विचारलं, हा कसला ढीग रे?

तो म्हणाला, "ही किडकी. ही उगवायची न्हाईत."

आजीनं त्यातली दोन उचलून भोकं बघितली, मान हलवली आणि त्याच्या ढिगात परत ठेवली. मग बाकीची मुलंही किडकी शोधायला लागली. एकीनं सगळ्यांना दाखवलं की भोक असलेलं बी पाण्यात तरंगतं. हे तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मग वाटीत पाणी घेऊन तासभर तेच चाललं. खिचडीची वेळ टळून गेली, मावशींनी दोनदा हाक मारली. अंडी होती त्या दिवशी, तरी कुणी उठेना.

त्याची आई शेतावरून येताना दारात थांबली होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मी तिला काही बोलले नाही. तिनं पोराला नुसतं विचारलं, "तुला कुनी सांगितलं रं किडकी म्हून?" तो म्हणाला, "भोक हाय की."

मुलाला तिनं शाळेतून काढलेलं नाही. वर्षाची फी भरलीय, सोडवत नाही, आणि मी तसा आग्रहही धरला नाही. पण शनिवारी गाडी नसते, तेव्हा पाठवते म्हणालीय. दुसऱ्या दोन घरची मुलं मात्र परत आली आहेत. काल ११ होती, आज १२. आजी सूप घरी न्यायला विसरल्या असं वाटून मी संध्याकाळी द्यायला गेले तर म्हणाल्या, असू दे तिथंच, सोमवारी वरई आणते.