उजव्या फेरीत घोडा तिरका, डाव्या फेरीत फळीसारखा: सुरुवात कुठून करावी?

पनवेल_पागा

नमस्कार मंडळी. पनवेलजवळ उघड्या मैदानावर सराव चालतो. कुंपण नाही, भिंत नाही, फक्की मारून आखलेला २० बाय ४० मीटरचा आयत आहे. घोडा ९ वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा), रेसमधून निवृत्त. उजव्या फेरीत (उजवीकडे वळत फिरताना) मान फार आत वळवतो, खांदा बाहेर निसटतो आणि पुठ्ठा (मागचा भाग) आत येतो. डाव्या फेरीत अगदी फळी: डाव्या लगामावर लोंबतो आणि वर्तुळ कापत आत घुसतो. स्वार १६ वर्षांची मुलगी आहे, ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) तिची उजवी कंबर दुमडते. आधी घोडा सुधारायचा की स्वार? कुंपण घालावं का? आणि बाहेरचा लगाम आखूड करून मान सरळ बांधली तर चालेल का?

मांडपक्की

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मान बांधू नका. सरळपणा मानेत नसतो. मागचा डावा खूर पुढच्या डाव्याच्या रेषेत आणि मागचा उजवा पुढच्या उजव्याच्या रेषेत पडला की घोडा सरळ. वर्तुळावरही हाच नियम. मान बांधलीत तर ती सरळ दिसेल, पुठ्ठा तिरकाच राहील, वर जबडा ताठ होईल तो वेगळाच.

हे डोळ्यांनी बघून घ्या. सकाळी मैदानावर पाणी शिंपडा, दाताळं फिरवून एक पट्टा सपाट करा आणि समोरच्या एखाद्या खांबावर नजर ठेवून त्यावरून २० मीटर वॉक (साधी चाल) करा. मग उतरून ठसे बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मागच्या उजव्या पायाचा ठसा पुढच्या उजव्याच्या बाहेर दिसेल आणि मागच्या डाव्याचा पुढच्या दोन ठशांच्या मध्ये. म्हणजे घोडा उजवीकडे पोकळ आहे, त्या बाजूला जास्त वाकतो, आणि वजन डाव्या खांद्यावर टाकतो. दोन फेऱ्यांतल्या दोन तक्रारी दिसतात, पण दुखणं एकच आहे.

म्हणून पुठ्ठा ढकलत बसू नका. खांदे आणून पुठ्ठ्यासमोर ठेवा. उजव्या फेरीत शोल्डर-फोर करा: खांदे एवढेच आत, की मागचा आतला पाय पुढच्या दोन पायांच्या मधून पडेल. पूर्ण शोल्डर-इनमध्ये खांदे आणखी आत येतात, ठशांच्या तीन रेषा होतात, साधारण ३० अंशांचा कोन. त्याची आत्ता घाई नको. काम करतो तो बाहेरचा, म्हणजे इथे डावा लगाम, मानेला टेकलेला. उजवा मऊ. उजवा ओढला की नुसती मान वळते आणि खांदा डावीकडून पळतो. ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो.

डाव्या फेरीत काही दिवस वर्तुळ सोडा, चौकोन चालवा. १५ मीटर बाजूचा, चार कोपऱ्यांवर प्लास्टिकचे शंकू. बाजूवर सरळ, शंकूच्या तीन पावलं आधी हाफ-हॉल्ट (न थांबवता क्षणभर आवरून घोडा सावरणं), मग बाहेरचा लगाम आणि बाहेरची मांडी लावून दोन्ही खांदे एकदम ९० अंशांत फिरवायचे. आत घुसू लागला तर डावा पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ) लावा आणि डावा लगाम क्षणभर सैल सोडा. तुमच्या हाताचा टेकू गेला की त्याला स्वतःचं वजन स्वतः उचलावं लागतं.

पहिला आठवडा फक्त वॉक. मग ट्रॉट, तोही ताल एकसारखा असेल तरच, कँटर (हलकी दौड) शेवटी. अवघड बाजूवर ३-४ मिनिटं, बाजू बदला, परत या. अर्धा तास एकाच बाजूला दामटलात तर स्नायू आखडतात आणि घोडा आणखी तिरका होतो.

कुंपणाचं म्हणाल तर सरळपणासाठी ते नकोच. घोड्याचे खांदे पुठ्ठ्यापेक्षा अरुंद असतात. भिंतीलगत चालताना तो बाहेरचा खांदा आणि बाहेरचा पुठ्ठा भिंतीपासून सारख्याच अंतरावर ठेवतो, म्हणजे मुळातच तिरका चालतो. उघडं मैदान ही तुमची जमेची बाजू आहे. आखलेल्या रेषेपासून ५ मीटर आत चालवा, खरी परीक्षा तिथेच होते. घोडा उधळतो म्हणून कुंपण हवं असेल तर गोष्ट वेगळी.

खूर_आणि_नाल

वरचं सगळं बरोबर, पण व्यायामाआधी एक तास तपासणीला द्या. सिमेंटच्या सपाट रस्त्यावर ३० मीटर हातात धरून, दोरी ढिली सोडून ट्रॉट करवा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली. असं डोकं हलत असेल तर हा सरावाचा प्रश्नच नाही, पशुवैद्य बोलवा.

पुढचे दोन खूर समोरून आणि बाजूने बघा. एक उभा आणि एक पसरट असेल तर नालबंदाला दाखवा. खूर दर ४ ते ६ आठवड्यांनी कापून घ्या.

मग खोगीर. ३०-४० मिनिटांच्या कामानंतर उतरवून पाठ बघा. आपल्या दमट हवेत घोडा सगळीकडे घामेजतो, त्यामुळे मध्येच हाताएवढा कोरडा डाग राहिला तर लगेच नजरेत येतो. तिथे खोगीर रुततंय किंवा टेकतच नाहीये. स्वार बसल्यावर खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहायला हवी.

रिकिबीच्या पट्ट्या काढून दोन्ही बकलं एकाच खिळ्याला अडकवा. कायम डावीकडून चढल्याने डावी पट्टी ताणून लांब होते. मग मुलगी कितीही नीट बसू दे, एक पाय खालीच जाणार. दर आठवड्याला पट्ट्यांची अदलाबदल करा आणि चढायला ५०-६० सेंटीमीटर उंच ठोकळा ठेवा.

येऊरची_ताई

स्वाराबद्दल लिहिते, कारण "सरळ बस" असं ओरडून कुणी सरळ बसत नाही. उजवी कंबर दुमडली की खांदे उजवीकडे झुकतात, पण बूड डावीकडे सरकतं. म्हणजे तिचं वजन नेमकं त्याच बाजूला पडतंय जिथे घोडा आधीच लोंबतोय. त्यामुळे घोडा आधी की स्वार, हा प्रश्न उरत नाही. दोघांचं काम त्याच आठवड्यात सुरू करा.

तिच्या जॅकेटवर मणक्याच्या रेषेत पांढरी चिकटपट्टी लावा, दुसरी खोगिराच्या मागच्या कडेच्या मधोमध. मागे उभं राहून फोन कमरेच्या उंचीवर धरा आणि सरळ जाताना व्हिडिओ घ्या. दोन पट्ट्या जुळतात का, ते तिला स्वतःला बघू द्या. आपल्याला सरळ वाटतं आणि पट्टी बोटभर बाजूला दिसते, तेव्हाच पटतं.

मग लंजवर (दुसऱ्याने लांब दोरीवर घोडा गोल फिरवत) २० मिनिटं, १५ ते २० मीटरच्या वर्तुळात, दर ५ मिनिटांनी दिशा बदलून. लगाम नाही. आधी रिकिबीसकट, मांड स्थिरावली की रिकिबीशिवाय. उजवा हात सरळ डोक्यावर नेऊन दहा पावलं वॉक. दुमडलेली बाजू आपोआप लांब होते. हात खाली आणताना ती लांबी तशीच राहायला हवी. ट्रॉटमध्ये उठबस करताना डायगोनल तपासा, म्हणजे घोड्याचा पुढचा कुठला पाय पुढे जाताना ती उठते ते. मोकळ्या मैदानात कित्येक जण नकळत एकाच डायगोनलवर तासन्‌तास बसतात आणि घोडा एकीकडेच घडत जातो.

पनवेल_पागा

ठसे तंतोतंत तसेच पडले. पट्ट्यांमध्ये एका भोकाचा फरक निघाला. जमिनीवरचे पोल सुरू करावेत का? बांबू पडून आहेत.

मांडपक्की

बांबू नकोत. हलका असतो, खुराखाली गरगरतो आणि चिरला की धार येते. जड लाकडी, ३ मीटर लांब वासे घ्या, दोन्ही टोकांना खाचेचे ठोकळे लावा. चार वासे, ट्रॉटसाठी १.३ मीटर अंतराने. घोडा मध्येच जादा पाऊल टाकत असेल तर थोडं कमी करा. प्रत्येक वाशाच्या मधोमध रंगाचा पट्टा ओढा. पट्ट्यावरून गेला की सरळ, डावीकडे सरकला की खांदा पुन्हा निसटलाय. आठवड्यात दोनदा, एका वेळी सहा-आठ फेऱ्या पुरे.

आयत पुन्हा आखाल तेव्हा दोन्ही कर्ण मोजा, ४४.७२ मीटर यायला हवेत. रेषाच तिरकी असेल तर घोड्याला काय बोलणार! फक्कीत कळीचा चुना नको, खुरांना आणि डोळ्यांना भाजतो. खडूची पूड वापरा.

खूर_आणि_नाल

पावसाळ्यात तिथली माती चिकट होते, तेव्हा ट्रॉटचे वासे बंद. चौकोन आणि शोल्डर-फोर वॉकमध्ये चालू ठेवा. रोज तळखूर कोरडा करून मधल्या मऊ त्रिकोणाच्या खाचा बघा. काळा, घाण वासाचा लगदा निघाला तर ती कुज आहे, आणि दुखऱ्या पायाचा घोडा पुन्हा तिरका चालणारच.