टर्बो पोलोला रॅम एअर इंटेक लावून खरंच काही मिळतं का?

सुदामानगरी
नमस्कार मंडळी. माझी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल, पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी. इथे इंदुरात एका दुकानात रॅम एअर किट दाखवलं. बंपरच्या जाळीमागे भोंग्यासारखं रुंद तोंड, तिथून जाड पाइप आणि शेवटी इंजिनाशेजारी उघडा कोन फिल्टर. फिटिंगसकट अठरा हजार. दुकानदार म्हणतो, "गाडी जेवढी पळेल तेवढी हवा आपोआप दाबली जाणार, दहा-बारा घोडे कुठे गेले नाहीत." मोठा भाऊ म्हणतो, टर्बो स्वतःच हवा ओढतो, त्याला पुढून ढकलून काय होणार? रोजचं चालवणं राजवाडा ते सुपर कॉरिडॉर, अधूनमधून आजोळी धुळ्याला. लावू का?

पीथमपूरकर
अठरा हजार तूर्त खिशातच असू द्या, आधी हिशोब करू.

वेगामुळे मिळणारा दाब म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. घनता १.२ धरा. उत्तर येतं ४६० पास्कलच्या आसपास. वातावरणाचा दाब लाखाच्या घरात, म्हणजे तुमची कमाई अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि तीही भोंग्यात काहीच वाया गेलं नाही तर. शहरात ६० ने चाललात तर १७० पास्कल. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो, म्हणून २०० ला कुठे १.८ टक्के हाती लागतात. नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक आमच्या पीथमपुरातच आहे म्हणा, पण त्यावरून धुळ्याला जाता येत नाही.

आता हे बघा. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे हवेचा दाबच ९५ किलोपास्कलच्या आसपास. धुळ्याला जाताना मानपूरनंतरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेच्या पुलावर पोचता, तोवर चारेक किलोपास्कल फुकटात वाढलेले असतात. १०० च्या वेगाला रॅम जे देणार त्याच्या आठ-नऊ पट! पोलोत कधी जाणवलं? नसणारच. माझ्या जुन्या बिनटर्बोच्या गाडीत मात्र घाट चढून वर आलं की पिकअप मंदावलेला कळायचा.

टर्बो गाडीत न जाणवण्याचं कारण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, किती दाब हवा हे तो ठरवतो. समजा त्याला १८० किलोपास्कल पाहिजेत आणि टर्बोच्या तोंडाशी अर्धा किलोपास्कल जास्त आला. तो वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप, किंचित जास्त उघडणार, एक्झॉस्टवर फिरणारी टर्बाइन जरा हळू फिरणार, मॅनिफोल्डमध्ये पुन्हा तेच १८०. टर्बोचे कष्ट कणभर वाचले, एक्झॉस्टचा उलटा दाब कणभर उतरला. फायदा शून्य आहे असं मी म्हणणार नाही, पण सीटवर बसून कळेल असा नाही. वेस्टगेट पूर्ण बंद असतो तेव्हा, म्हणजे खालच्या आरपीएमला, रॅमचा उपयोग झाला असता. पण सिग्नलवरून सुटताना रॅम आणणार कुठून?

तेव्हा भाऊ बरोबर बोलतोय, दाबाच्या बाबतीत. तापमानाची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते तीच मोठी. ४० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती १३८ अंशांवर बाहेर पडते. तीच हवा बॉनेटखालची ६० अंशांची घेतली तर १६४. आत वीस अंश वाढले की बाहेर सव्वीस. मे महिन्यात दुपारी रीगलच्या सिग्नलला उभे राहा, मग तो उघडा कोन फिल्टर कसली हवा ओढेल ते सांगा. कंपनीचा फिल्टरचा डबा बंद असतो आणि त्याचं तोंड पुढे जाळीपाशी असतं, ते उगीच नाही.

एमपी०९_निन्जा
सगळं कागदावरचं गणित! मग कावासाकी वेडी आहे का? त्यांची २०२१ ची झेडएक्स-१०आर बाइक २०३ पीएस (घोडे), रॅमसकट २१३. आणि एच२आर तर सुपरचार्ज्ड आहे, तरी ३१० ची रॅमसकट ३२६ होते. म्हणजे दाबून हवा घेणाऱ्या इंजिनालाही फायदा होतोच ना भिया?

पीथमपूरकर
एच२आरचं उदाहरण तुम्ही आणलंत, छान झालं. तिचा सुपरचार्जर गिअरने क्रँकला जोडलेला आहे. येईल ती हवा तो ठरावीक पटीत दाबतो, मध्ये वेस्टगेट नाही. त्यामुळे तोंडाशी वाढलेला दाब गुणाकार होऊन आत जातो. शिवाय वेग बघा. ताशी ३०० ला वरचंच सूत्र लावा, ४.२ किलोपास्कल येतात, म्हणजे चार टक्के. ३१० वर १६ म्हणजे पाच टक्के. जवळपास जुळलं की नाही? कावासाकी वेडी नाही, तिचा वेग वेडा आहे. पोलोने सुपर कॉरिडॉरवर तो गाठायचा म्हटलं तर कठीण आहे.

चिंब_इंदूर
गणितात मी पडत नाही. पण भोंगा बंपरमध्ये खाली असेल तर पावसाळ्याचं काय? आमच्या गल्लीत एका संध्याकाळच्या पावसात गुडघाभर पाणी साचतं. इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर नसेल तर विमावाले हात वर करतात. त्यात बाहेरचं किट दिसलं की त्यांना आयतंच निमित्त.

सुदामानगरी
पटलं. पण मग बॉनेटवर स्कूप असलेल्या टर्बो गाड्या दिसतात त्या काय नुसत्या शोभेच्या?

पीथमपूरकर
नाही, शोभेच्या नाहीत. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स किंवा आपल्याकडची जुनी ३.० डिझेल फॉर्च्युनर घ्या. त्यांच्या स्कूपमधली हवा इंजिनात जातच नाही, ती इंजिनावर बसवलेल्या इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला, वारा घालते. तुमच्या पोलोत इंटरकूलर पाण्यावर चालणारा आणि थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला आहे, त्यामुळे स्कूप लावलात तरी वारा घालणार कशाला?

पैसे घालायचेच असतील तर आधी नवा कागदी फिल्टर टाका. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो, आणि भरलेला फिल्टर जेवढा दाब खातो तेवढा रॅम देऊ शकत नाही. बूस्टचे होज आणि क्लॅम्प तपासून घ्या. त्यावर ताकद हवी असेल तर रीमॅप, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं, कारण ईसीयूला हवा असलेला दाब त्यानेच बदलतो. मात्र वॉरंटी शिल्लक असेल तर तिचा विचार करून.

आणि एक साधा ओबीडी डोंगल घ्या, म्हणजे ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा दाब वाचा, ९५ च्या आसपास दिसेल. मग पहाटे बायपासवर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४५०० आरपीएम एकदा ओढा, दुपारी पुन्हा एकदा. दाब आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान दोन्हींचा लॉग (नोंद) इथे टाका. बाहेरचं तापमान लिहायला विसरू नका, नाहीतर दोन लॉगची तुलनाच करता येणार नाही.