तुमचा मतदारसंघ, तुमचा आमदार : अनुभव लिहा

मंडळी, महाराष्ट्र विधानसभेच्या 288 मतदारसंघांच्या आजच्या सीमा 2008 च्या फेररचनेत ठरल्या, आणि त्यासाठी धरली होती 2001 ची लोकसंख्या. 2009 पासून चार विधानसभा निवडणुका याच नकाशावर झाल्या. पुढच्या जनगणनेनंतर पुन्हा फेररचना व्हायची आहे. त्याआधी आपापल्या मतदारसंघाबद्दल लिहावं, असं मनापासून वाटलं. कोणता पक्ष बरा, ही चर्चा इथे नको. मत यंत्रात पडेपर्यंत काय काय करावं लागतं आणि ते पडल्यावर निवडून गेलेला माणूस तुमच्यापर्यंत पोचतो का, एवढंच सांगा.

सुरुवात मी करते. मी चिंचवडची. 2024 ला आमच्या यादीत साडेसहा लाखांहून जास्त नावं होती, मुंबईत वडाळ्याला दोन लाखांच्या आसपास. दोन्हीकडे आमदार एकच आणि आमदार निधीही सारखाच, वर्षाला 5 कोटी. भागाकार केला तर आमच्या वाट्याला मतदारामागे 75 रुपये येतात आणि वडाळ्यात अडीचशेच्या घरात. वाकड, पुनावळे, रावेत इथे 2001 मध्ये बहुतेक शेती होती. आता टॉवर उभे आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या फाटकांशी टँकरची रांग लागते. त्यात महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी नगरसेवक नव्हते. गटारापासून पथदिव्यापर्यंतची प्रत्येक तक्रार आमदाराच्या कार्यालयात जायची. तिथल्या टेबलावर अर्जांचा जो गठ्ठा पाहिला, तो पाहून तिथे बसलेल्या मुलावर चिडावंसंही वाटेना. साडेसहा लाखांना एक माणूस पुरतच नाही.

प्राथमिक शिक्षक, अक्राणी (धडगाव) तालुका

ताई, तुमच्याकडे माणसं जास्त, आमच्याकडे अंतर जास्त. अक्कलकुवा हा राज्याचा क्रमांक एकचा मतदारसंघ, अनुसूचित जमातींसाठी राखीव. अक्कलकुवा आणि अक्राणी असे दोन तालुके यात येतात, म्हणजे सातपुड्याच्या रांगा आणि खाली सरदार सरोवराचं पाणी. मणिबेली हे या मतदारसंघातलं पहिलं केंद्र, तिथे पथक बोटीनं जातं. माझी ड्यूटी तिथे नव्हती, पण बोटीनं जाण्याच्याच दुसऱ्या एका केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होतो.

आदल्या दिवशी सकाळी साहित्य वाटप. कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट, व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र), शाई, सील, पाकिटांचा ढीग, सगळं यादीशी ताडून घ्यायचं. मग जीप, मग काठ, मग बोट. यंत्रांच्या पेट्या आम्ही मांडीवर धरून बसलो होतो, खाली ठेवायची छाती होत नव्हती. उतरल्यावर चढण. गावातल्या पोरांनी आपणहून पेट्या उचलल्या, पण नियम म्हणून आमचा एक माणूस प्रत्येक पेटीबरोबर चालत होता. केंद्र शाळेच्या खोलीत. हा सगळा पट्टा ‘शॅडो एरिया’, मोबाइलला रेंज नाही. दर दोन तासांची टक्केवारी वायरलेसवरून कळवायची.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. निदान 50 मतं टाकून दाखवायची, मोजायची, यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. मतदान प्रतिनिधींनी हे सगळं डोळे लावून पाहिलं. सातला पहिली मतदार आली ती एक म्हातारी. पलीकडच्या पाड्यावरून अंधारात निघालेली. मला इथली पावरी बोली समजते, पण तिच्या वेगानं बोलता येत नाही. तिनं नोंदवहीत अंगठा दिला, आत गेली, आणि बाहेर येईना. आत डोकावणं तर शक्य नाही. बाहेरूनच आमच्या मतदान अधिकाऱ्यानं तिच्या बोलीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “चिठ्ठी पडू दे की!” सात सेकंद काचेत दिसणारी चिठ्ठी खाली पडेपर्यंत ती थांबली होती. इतकं लक्ष देऊन मत देणारं माणूस मी शहरात पाहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. 2009, 2014, 2019 या तिन्ही वेळा मतदान ऑक्टोबरात झालं, दिवाळीच्या आधी. 2024 ला ते 20 नोव्हेंबरला झालं, दिवाळी होऊन गेल्यावर. आमच्याकडे दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला आणि सौराष्ट्रात शेतकामाला जातात. माझ्या केंद्राच्या यादीत कितीतरी नावांपुढे दिवसभर खूण झाली नाही, आणि ती माणसं कुठे आहेत ते गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या दोन निवडणुकांत इथला निकाल तीन हजारांच्या आतल्या फरकानं लागलाय. एवढ्या फरकाच्या जागी गैरहजर कोण होतं, हे का विचारू नये? सैन्यातल्या जवानाला टपाली मतपत्रिका मिळते, आमच्यासारख्या निवडणूक कर्मचाऱ्यांना मिळते, 85 च्या पुढच्या वृद्धांना 12-ड अर्ज भरून घरबसल्या मत देता येतं. ऊसतोड मजुराला काहीच नाही. मुकादमाची उचल घेतलेला माणूस एक दिवसासाठी बारडोलीहून परत येणार कसा?

माजी सरपंच, सोलापूर जिल्हा

गुरुजी, शेवटचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे उलटं होतं, माणसं बाहेरून तोडीला येतात. बीडच्या टोळ्या आमच्या शिवारात कोप्या घालून असतात आणि त्यांचं मतदान तिकडे.

मला आमसभेबद्दल लिहायचंय, कारण ती आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. पंचायत समितीची वर्षातून एकदा आमसभा व्हायला हवी, तालुक्याचे आमदार अध्यक्ष. गटविकास अधिकारी (बीडीओ), महावितरण, पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, सगळे खातेप्रमुख समोर, आणि कोणीही नागरिक उभा राहून विचारू शकतो. मी सरपंच असताना आमच्या तालुक्यात ती काही वर्षं झालीच नाही. शेवटी आम्ही सरपंच बायकांनी मिळून लेखी मागणी केली, पोच घेतली, पुन्हा स्मरणपत्र दिलं. सभा झाली. मी शेतीपंपाच्या डीपीचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा, प्रश्न घेऊन उठले. जळलेला डीपी महिना महिना बदलून मिळत नव्हता, आणि उसाला पाणी द्यायचे तेच दिवस. अधिकारी म्हणाले, अहवाल मागवतो. आमदारांनी तिथेच तारीख ठरवून घेतली आणि ती इतिवृत्तात लिहायला लावली. लिहिलं गेलं म्हणूनच डीपी आला. नुसतं तोंडी राहिलं असतं तर आला नसता, हे मी खात्रीनं सांगते.

स्थानिक स्वराज्य संस्थांत आम्हाला निम्म्या जागा आहेत. विधानसभेत 2024 ला निवडून आल्या 21 जणी, 288 मध्ये. 2019 ला 24 होत्या, म्हणजे आकडा खालीच आला. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली, पण ती लागू व्हायची जनगणना आणि फेररचनेनंतर. आमच्या आमसभेत प्रश्न विचारणाऱ्यांत बायका जास्त होत्या. त्यांतल्या एकीलाही कोणत्या पक्षानं विधानसभेसाठी विचारलं नाही.

जिवती, चंद्रपूर जिल्हा

आमच्या तालुक्यातल्या 14 गावांबद्दल लिहितो. ही गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोघांच्या दाव्यात आहेत. इकडून मतदारसंघ राजुरा, तिकडून आसिफाबाद. माझे नातेवाईक त्यातल्या एका गावात राहतात. मराठवाड्यातून दुष्काळात येऊन इथे वसलेली बरीच मराठी कुटुंबं आहेत. गावात शाळा दोन, एक मराठी, एक तेलुगू. रेशन दोन्हीकडचं, सरपंच दोन, आणि कित्येकांकडे ओळखपत्रंही दोन.

बाहेरचे लोक म्हणतात, मजा आहे, दोन-दोन सरकारं. कायद्यानं कोणालाही दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, हे गावातल्या माणसांनाही कळतं. पण एक नाव काढलं आणि उद्या गाव तिकडे गेलं तर? ही भीती आहे, लबाडी नाही. दोन आमदार असून जमिनीच्या पट्ट्याचं काम अडलेलंच, कारण ज्या जमिनीवर दोन राज्यांचा दावा, तिच्या कागदावर सही कोण करणार? काकांनी एकदा प्रचाराला आलेल्या उमेदवाराला जीपसमोर उभं राहून एवढंच विचारलं होतं की आमचा सातबारा कोण देणार. त्याला उत्तर देता आलं नाही. दोन्हीकडच्या सभांना ते आजही जातात आणि हाच प्रश्न विचारतात.

डिचोली, गोवा

चिंचवडच्या ताईंचा भागाकार वाचून आमचाही करून पाहिला. गोव्यात 40 मतदारसंघ आणि 2022 च्या निवडणुकीला सुमारे साडेअकरा लाख मतदार होते, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांहून कमी. तुमच्या काही सोसायट्या एकत्र केल्या की आमचा एक मतदारसंघ! आमदार लग्नाला येतो, चवथीला (गणेश चतुर्थीला) येतो, मयताला तर येतोच. घरातलं आजारपण त्याला ठाऊक असतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खाट हवी तर माणूस थेट त्यालाच फोन करतो.

म्हणून मतदारसंघ लहान असावेत, याला माझा पाठिंबा आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. 2022 च्या निवडणुकीनंतर सात महिन्यांत 11 पैकी 8 जण गेले. दोन तृतीयांश एकदम गेले की विलीनीकरण धरलं जातं आणि पक्षांतरबंदी लागत नाही. आमचा आमदार त्या आठांत नव्हता, पण माझी बहीण जिथे मत देते तिथला होता. चवथीला तो नेहमीसारखा घरी आला होता. दर्शन घेतलं, पातोळ्या खाल्ल्या, मुलांची चौकशी केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी टीव्हीवर आली. बहिणीनं त्याला फोन लावला, कारण नंबर होता. तो म्हणाला, विकासासाठी गेलो. तिनं विचारलं, “मग घरी आलास तेव्हा आम्हाला का विचारलं नाहीस?” आमदार इतका जवळ असलेल्या ठिकाणी निदान हे विचारणं सक्तीचं हवं, असं माझं ठाम मत आहे. पक्ष बदलायचा तर राजीनामा द्यावा आणि पुन्हा निवडून यावं, दोन तृतीयांश असोत की सगळे.