डार्क (कालप्रवासावरची जर्मन मालिका), सीझन ३: शेवट मालिकेच्याच नियमांत बसतो का? (पूर्ण स्पॉयलर)

धागाकर्ता: गुंतवळ
तिसऱ्या सीझनचे आठही भाग पुन्हा पाहिले. तीन गाठी सुटत नाहीत.
१) एकच योनास पर्यायी (म्हणजे दुसऱ्या जगातल्या) मार्थाबरोबर तिच्या जगात जातो, आणि तोच महाप्रलयात तळघरात लपून वाचतो व पुढे ऍडम (म्हातारा योनास) होतो. दोन्ही कसं शक्य?
२) शेवटच्या जेवणाच्या टेबलावर रेगीना, हाना, काटारीना, पीटर आहेत, उलरिश आणि शार्लोट का नाहीत?
३) मूळ जगात कुटुंबाचा अपघात टळला तर टानहाउस कालयंत्र बांधणार नाही, त्यातून ही दोन जगं फुटणार नाहीत, मग योनास-मार्था जन्मणारच नाहीत. अपघात टाळला कोणी?

कालदर्शी
पहिल्याचं उत्तर पळवाटेत आहे. महाप्रलयाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि तेवढ्यापुरती कार्यकारणाची साखळी तुटते. त्या निमिषात एकाच प्रसंगाचे दोन फाटे होतात आणि दोन्ही खरे राहतात. एका फाट्यात पर्यायी मार्था योनासला घेऊन जाते. दुसऱ्यात बार्टोश तिला वाटेत अडवतो, ती पोचत नाही आणि योनास तळघरात उतरतो. इव्हा (म्हातारी झालेली पर्यायी मार्था) हे जाणते आणि याच्याच जोरावर चक्र चालू ठेवते.

मूल जन्मण्याआधीच संपवून चक्र तोडायचा ऍडमचा डाव फसतो तोही इथेच. गर्भवती मार्थाही दोन फाट्यांत आहे. तो एकीला संपवतो, दुसरी मूल जन्माला घालून इव्हा होते. मूळ संपलं असं त्याला वाटतं आणि प्रत्यक्षात काहीच हलत नाही. माझ्या मते सगळ्या सीझनमधला हा सर्वांत ताकदीचा क्षण आहे.

सीझन २ चा शेवटचा प्रसंग आणि सीझन ३ चा सातवा भाग लागोपाठ पाहा. मधलं काही न पाहता हे जास्त नीट उलगडतं. कुठलं जग चाललंय ते ओळखायला मार्थाच्या कपाळावरची झुलपं पाहा (ती पर्यायी जगात आहेत), किंवा पोलिस वोलर: ऍडमच्या जगात डोळा गेलेला, इव्हाच्या जगात हात.

वंशवृक्ष_विंडन
दुसऱ्या प्रश्नासाठी कागद घ्या, पण योनासपासून सुरुवात करू नका. सुरुवात त्याच्या आणि पर्यायी मार्थाच्या निनावी मुलापासून करा, फाटलेल्या ओठाचा तो. तो आणि आग्नेस यांचा मुलगा ट्रोंटे, ट्रोंटेचा उलरिश, उलरिश-काटारीनाचे माग्नुस, मार्था, मिकेल. मिकेल आणि हानाचा योनास. आणि योनासचा पुन्हा तोच निनावी. वर्तुळ पुरं झालं. आता आग्नेस कुठून आली? बार्टोश आणि झिल्या यांची ती मुलगी, नोआ तिचा भाऊ. झिल्या ही हाना आणि एगॉनची, म्हणजे हाना १९५४ मध्ये गेल्याशिवाय ती होतच नाही. नोआ आणि एलिझाबेथची शार्लोट, आणि शार्लोटचीच एलिझाबेथ: दुसरं बंद वर्तुळ.

या वर्तुळांवर ज्यांचा जन्म अवलंबून, ते सगळे पुसले जातात. काटारीना, हाना, पीटर यांचे आईवडील गाठीच्या (म्हणजे या वर्तुळांच्या) बाहेरचे, म्हणून ते उरतात.

बहुतेकांचा तक्ता रेगीनापाशी बिघडतो, कारण ते तिला ट्रोंटेखाली लिहितात. तिचा बाप ट्रोंटे नाही, बेर्न्ट डॉप्लर आहे. तिची आई क्लाउडिया हिची सगळी धडपड या एका गोष्टीवर उभी आहे: गाठ सुटली तरी मुलगी जगेल.

बार्टोशचं जरा वेगळं. त्याचे आईवडील, रेगीना आणि अलेक्झांडर, दोघेही गाठीबाहेरचे. पण १९८६ मध्ये उलरिश आणि काटारीना रेगीनाला छळत असताना अलेक्झांडर मध्ये पडला, तिथून त्यांची ओळख. उलरिशच नसेल तर ती भेट होत नाही. हे मालिकेत कोणी बोलून दाखवत नाही, पण दुसरा अर्थ लावता येत नाही.

गुंतवळ
बार्टोशचा दुवा लक्षातच आला नव्हता, आभार. तिसरा प्रश्न उरला.

कालदर्शी
तिथेही तीच पळवाट. १९८६ मध्ये मूळ जगात टानहाउस यंत्र सुरू करतो, त्याच क्षणी त्या जगाचे दोन तुकडे होतात. योनास आणि मार्था त्या क्षणातून आत शिरतात आणि १९७१ मध्ये पोचून टानहाउसचा मुलगा मारेक, सून सोन्या आणि नात छोटी शार्लोट यांना पुलाकडे जाऊ देत नाहीत. सातव्या भागाच्या सुरुवातीला श्रोडिंगरच्या मांजरीचा दाखला आहे तो याचसाठी: दोन्ही शक्यता एकत्र खऱ्या असू शकतात. मूळ जगात तसाही "अपघात झाला" आणि "टळला" असे दोन फाटे मानले, तर विरोधाभास मोडत नाही, पण निदान मालिकेने आधी सांगितलेल्या नियमाच्या आत राहतो.

निशांत_दर्शक
नियमात बसतं, मान्य. पण मांडणी कमी पडली. क्लाउडियाला तिसऱ्या, म्हणजे मूळ, जगाचा पत्ता कसा लागला, हे जवळपास दिसतच नाही. ती येऊन ऍडमला निष्कर्ष सांगते. पहिल्या दोन सीझनमध्ये प्रत्येक धागा आपल्याला स्वतः जुळवू दिला होता. इथे सर्वांत मोठा धागा संवादातून हातात ठेवला. १८८८ च्या प्रसंगांतली थोडी मिनिटं तिच्या शोधाला द्यायला हवी होती.

वंशवृक्ष_विंडन
सहमत, आणि तरी शेवटचं जेवण मला कुठेच ढिलं वाटत नाही. वोलर डोळ्याचं काय झालं ते सांगायला लागतो आणि नेमके दिवे जातात. मग हाना बाळासाठी योनास हे नाव सुचवते. त्या बाळाचा बाप मिकेल असणं शक्यच नाही, म्हणजे हा आपला योनास नव्हे.