अनुभव धागा : आमच्या गल्लीतले, प्रभागातले काम (पुणे)

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ड्रेनेजचे झाकण असो की बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, तोवर आपल्यापैकी बहुतेकांची धाव नगरसेवकांच्या कार्यालयापर्यंतच होती. ते दार बंद झाल्यावर कोणता अर्ज कोठे द्यायचा, सही कोणाची लागते आणि कोणते काम कोणत्या महिन्यात सुचवले तर त्याला पैसे मिळतात, हे अनेकांना प्रथमच शिकावे लागले. ते शिकणे नोंदवून ठेवावे, यासाठी हा धागा काढत आहे.

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेचीही, म्हणजे प्रभागातल्या लहान भागाच्या मतदारांच्या सभेचीही, तरतूद कायद्यात केली. क्षेत्रसभेत प्रत्यक्ष बसलेली व्यक्ती मला अद्याप भेटलेली नाही. आपल्यापैकी कोणी असल्यास त्यांनी सर्वांत आधी लिहावे. इतरांनी झालेले किंवा अडलेले काम नेमके कसे घडले, एवढेच सांगावे. आपण सर्वांनी जागे झाले पाहिजे, अशा आशयाचे लेखन पुष्कळ उपलब्ध आहे, त्याची येथे गरज नाही. कोणाही अधिकाऱ्याचे, कार्यालयाचे अथवा शेजाऱ्याचे नाव घेऊ नये, ही विनंती.

कोथरूड, निवृत्त अभियंता

आमच्या सोसायटीपासून बसथांब्यापर्यंतचा पदपथ रुंद आणि चांगला आहे. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले आहेत. दोन खांबांमधले अंतर मी टेपने मोजले, ते ५८ सेंटिमीटर भरले. माझ्या आईच्या चाकांच्या खुर्चीची रुंदी ६४ सेंटिमीटर आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी पदपथ सर्वाधिक गरजेचा, त्यांनाच रस्त्यावर उतरून बसगाड्यांच्या शेजारून जावे लागत होते.

पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाने अर्थसंकल्प तयार करण्याची योजना राबवते, हे मला ऐकून माहीत होते. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची. तेथे १९८९ पासून लोक वस्तीच्या सभेत बसून, एकमेकांशी वाद घालून कामांचा क्रम ठरवत असत. आपल्याकडे सभा नाही, अर्ज आहे. आपण तो भरून देतो आणि शेजारच्या गल्लीने काय मागितले, याचा आपल्याला पत्ता नसतो. माझ्या मते योजनेतला सर्वांत मोठा उणेपणा हाच आहे, कारण प्रत्येकाला आपलेच काम पहिले वाटते आणि दुसऱ्याचे काम अधिक तातडीचे असू शकते, हे समोरासमोर ऐकल्याशिवाय पटत नाही. अर्ज साधारणपणे पावसाळा सरत आला की मागवले जातात आणि सुचवलेल्या एका कामाचा खर्च पाच लाखांच्या आत असावा लागतो. डिसेंबरमध्ये जाग आली, तर पुढच्या वर्षाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

मी ‘पदपथ सुधारणा करणे’ असे न लिहिता ‘अमुक चौकातील पदपथाच्या दोन्ही टोकांना उतार करणे व मधला एक खांब काढून किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवणे’ असे लिहिले, सोबत मोजमापासह छायाचित्र आणि हाताने काढलेला नकाशा जोडला. नोकरीत असताना मी स्वतः पुष्कळ पूर्वगणकपत्रके, म्हणजे कामाच्या खर्चाचे अंदाज, तयार केली आहेत. कामाचे नाव मोघम ठेवले की खर्च कशावरही होऊ शकतो, चांगल्या पेव्हर ब्लॉकच्या जागी दुसरे ब्लॉक बसवण्यावरसुद्धा, हे त्या अनुभवातून ठाऊक होते. पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांचा आक्षेप मात्र रास्त होता. ९० सेंटिमीटरमधून खुर्ची जाते, तशी स्कूटरही जाते. यावर आम्ही दोघांनी तेथेच उभे राहून बराच खल केला आणि शेवटी बसथांब्याच्या बाजूचा, जेथे दिवसभर माणसांची वर्दळ असते तेथला, खांब काढायचे ठरले.

काम पुढच्या आर्थिक वर्षात, तेही मार्च उजाडल्यावर झाले. आता त्या मोकळ्या जागेशेजारी भाजी विकणाऱ्या एक मावशी बसतात. स्कूटर वर चढू लागली की त्या चालकाला जे काही ऐकवतात, ते येथे लिहिण्यासारखे नाही. परंतु कोणत्याही लोखंडी खांबापेक्षा ते परिणामकारक आहे.

बिबवेवाडी, कचरावेचक महिलेची मुलगी

सहभाग म्हटला की अर्ज, सभा आणि टेकडीवरची झाडे एवढेच डोळ्यांसमोर येते, म्हणून थोडे वेगळे लिहिते. माझी आई उकिरड्यावर कागद आणि पत्रा वेचत असे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्या सभासदांना पुढे महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र मिळाले. पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकले जाते, तेव्हा त्या कार्डाचे मोल काय असते, हे मी लहानपणी आईच्या चेहऱ्यावर वाचले आहे. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था सुरू झाली. आई तिची सभासद झाली, दारोदार कचरा गोळा करू लागली आणि प्रत्येक घराकडून महिन्याचे सेवाशुल्क घेऊ लागली.

तिच्या वाट्याला आलेल्या इमारतींत वर्गीकरणाच्या सूचना जिन्यात लावलेल्या असत आणि त्यांच्याच खाली भाजीच्या देठांत मिसळलेले सॅनिटरी पॅड ठेवलेले असत. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावे, म्हणजे उघड्या हातांनी ते चाचपावे लागणार नाही, एवढीच ‘स्वच्छ’च्या ताईंची मागणी होती. सोसायट्यांच्या सभेत कचऱ्याचा विषय नेहमी असतो, पण कचरा उचलणारीला तेथे कोणी बोलावत नाही. एका इमारतीतल्या निवृत्त शिक्षिकांनी आईला सभेला बोलावले, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “तुम्हीच सांगा.”

आईने भाषण केले नाही. तिने दुधाच्या दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. एक धुतलेली होती, दुसरी न धुता दोन दिवस बांधून ठेवलेली. ती दुसरी पिशवी उघडल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. मग तिने भंगारवाला कोणती घेतो आणि कोणती परत फेकतो ते सांगितले. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, तो हरवतो आणि गटारात जातो, हेही सांगितले. त्या इमारतीच्या पिशव्या तेव्हापासून धुऊन येऊ लागल्या. लाल ठिपका मात्र सगळ्या घरांनी आजही अंगीकारलेला नाही. ज्या घरांत तो काढला जातो, तेथे बहुधा मुलींनी हट्ट धरला असावा, असा माझा अंदाज आहे.

सदाशिव पेठ, गृहिणी

आमच्या गल्लीतल्या पिंपळाला एके सकाळी सुतळीने बांधलेला कागद दिसला. पावसाने शाई पसरली होती, तरी ‘काढणे’ हा शब्द वाचता येत होता. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी अशी सूचना झाडावर लावावी लागते, वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते आणि हरकत नोंदवण्यासाठी सात दिवस मिळतात. आम्ही लेखी हरकत दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. पण झाडाचे वय सिद्ध कसे करायचे? समोरच्या वाड्यातल्या एका कुटुंबाकडे १९६८ च्या लग्नाचे छायाचित्र निघाले, त्यात वरातीच्या मागे हाच पिंपळ, चांगला पुरुषभर उंचीचा. सुनावणीत त्याची प्रत दिली. झाड वाचले, धोकादायक फांद्या तेवढ्या उतरवल्या. छायाचित्रातली नवरी आता आजी आहे. आपला शालू कोणत्या दुकानातला, हे त्यांनी सुनावणीच्या वेळी सर्वांना आवर्जून सांगितले.

औंध, सोसायटीच्या गणेशोत्सव समितीतून

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसाठी आम्ही अमोनियम बायकार्बोनेटचा प्रयोग केला. ही पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात विरघळवायची, त्या पाण्यात मूर्ती विसर्जित करायची आणि अधूनमधून ढवळत राहायचे. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरचे अमोनियम सल्फेटचे पाणी पातळ करून झाडांना घालता येते. अमोनियाचा दर्प तीव्र असतो, म्हणून टाकी वाहनतळात न ठेवता मोकळ्या जागी ठेवावी.

रसायनापेक्षा अवघड होते ते मन वळवणे. देव बादलीत बुडवून ढवळायचा, ही कल्पना ज्येष्ठांना सहन होत नव्हती. आमच्या गुरुजींनी उत्तरपूजेनंतर मूर्तीतले देवत्व विसर्जित झालेले असते, हे शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा विरोध मावळला. ढवळण्याचे काम मात्र अंधार पडल्यावरच करावे, असे ठरले आणि ते आम्ही पाळतो. माझे वैयक्तिक मत विचाराल तर शाडूची लहान मूर्ती आणावी, म्हणजे हा सगळा खटाटोप लागत नाही.

पाषाण, रोज टेकडीवर जाणारा

वेताळ टेकडीवर पाण्याच्या बाटल्या नेऊन झाडे जगवणारे माझे अनेक मित्र आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो की, जेथे मुळात गवताळ माळ आहे, तेथे दिसेल त्या मोकळ्या जागेत खड्डा खणणे म्हणजे सेवा नव्हे. वन विभागाने पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाखाली (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाखाली) आज काय उगवते, ते पाहावे. गवतात घरटे करणाऱ्या पक्ष्यांना सावली नको असते. वृक्षारोपणाला फलक आणि छायाचित्र मिळते. माळ आहे तसा राहू देण्याला काहीच मिळत नाही, म्हणून त्याला स्वयंसेवकही मिळत नाहीत.

येरवडा, वस्तीतल्या शौचालयाच्या देखभाल समितीतून

वरचे सगळे वाचले. चांगली कामे आहेत, परंतु ती बहुतेक ज्यांच्या नावावर घर आहे त्यांची आहेत.

१९९९ च्या सुमारास रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुण्यातल्या वस्त्यांत सार्वजनिक शौचालये बांधण्याचा मोठा कार्यक्रम झाला. स्पार्क आणि महिला मिलन यांच्यासारख्या संघटनांना त्यात बांधकामाबरोबर देखभालीचीही जबाबदारी मिळाली. वस्तीतल्या बायकांनी आराखड्यावर बोलून काही गोष्टी बदलून घेतल्या. मोठ्यांच्या रांगेत मुले मागे ढकलली जातात, म्हणून लहान मुलांसाठी वेगळी, कमी उंचीची आणि उघडी जागा, आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी वरच्या मजल्यावर खोली. ही खोली फार महत्त्वाची असते. माणूस तेथेच राहत असल्यामुळे रात्री दिवा चालू राहतो आणि बाई एकटी जाऊ शकते.

आमच्या वस्तीतले शौचालय कुटुंबांच्या मासिक पासवर चालते. पास न भरणाऱ्यांना अडवायचे की नाही, यावर आमच्या जितक्या बैठका झाल्या, तितक्या दुसऱ्या कशावरही झाल्या नाहीत. अडवले तर माणूस उघड्यावर जातो. न अडवले तर भरणारेही थांबतात. आम्ही काढलेला मार्ग असा की, म्हातारी माणसे, शाळेची मुले आणि गरोदर बायका यांना कधीही विचारायचे नाही, बाकीच्यांची नावे मात्र वहीत लिहायची आणि ती वही दारातच उघडी ठेवायची. लाजेने पैसे येतात. हे बरे की वाईट, ते मला सांगता येणार नाही, पण वीजबिल भरले जाते.

कोथरूडच्या काकांना एक प्रश्न आहे. आमच्या शौचालयाच्या दोन पायऱ्या खचल्या आहेत आणि हात धरायला कठडा नाही. अर्थसंकल्पाच्या अर्जात हे बसेल का? आमच्याकडे नकाशा काढणारे कोणी नाही.

कोथरूड, निवृत्त अभियंता

बसायला हरकत नसावी, खर्चही पाच लाखांच्या पुष्कळ आत राहील. तरी अर्ज देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासू. इमारत कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे आणि तिच्या दुरुस्तीची वेगळी तरतूद आधीच आहे का? ती असेल तर अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही, साध्या पत्रावर काम होऊ शकते. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेत माहिती अधिकाराच्या अर्जाशिवाय अभिलेख पाहता येतात, तेथे फाइल मागू. आपण शौचालयाचा मिळकत क्रमांक किंवा भिंतीवरच्या फलकाचे छायाचित्र तेवढे सोबत घ्यावे. नकाशा मी काढून देतो. टेप माझ्याकडे आहे, मात्र पायरीची उंची मोजताना दुसरे टोक धरायला कोणीतरी लागेल.

येरवडा, देखभाल समितीतून

फलक रंगाखाली गेला आहे, खरवडून पाहते. सोमवारी दोनपर्यंत माझे धुण्याभांड्याचे काम असते, अडीचला मुख्य इमारतीच्या दारात येते. टोक धरायला मुलाला आणीन.